'ओला दुष्काळ' हा शब्द चुकीचा आहे का?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पाऊस अक्षरशः कोसळला. गोदावरी आणि तिच्या उपनद्या पात्र सोडून शेतात शिरल्या. आमच्या मानवतपासून धाराशिवपर्यंत एकच मागणी ऐकू यायला लागली, ओला दुष्काळ जाहीर करा. महिनाअखेरीस मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी उत्तर दिलं. त्याचा आशय असा होता : ओला दुष्काळ असं काही मॅन्युअलमध्ये नाही, आजवर तो कधी जाहीरही झालेला नाही, मात्र दुष्काळी टंचाईच्या वेळी ज्या सवलती देतो, त्या आताही देऊ. पुढे ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं.

पैसे पुरेसे होते की नाही, कुणाला मिळाले, कुणाला नाही, यावर भरपूर बोललं गेलंय. मला आज त्या उत्तराच्या पहिल्या अर्ध्या भागावर लिहायचंय, म्हणजे 'मॅन्युअलमध्ये असा शब्दच नाही' यावर. कारण हेच वाक्य आपल्या विज्ञानाच्या विभागांतही वेगळ्या सुरात ऐकायला मिळतं. 'अरे, पाणी जास्त झालं तर त्याला दुष्काळ कसा म्हणायचं? हा शब्दच अशास्त्रीय आहे. ओला दुष्काळ म्हणजे गरम बर्फ!' पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना हा विनोद पटेल. माझं म्हणणं आहे की तो विनोद इंग्रजीत बरोबर आहे, मराठीत नाही. आणि हा फरक कळला नाही तर ग्रामीण भागात केलेलं तुमचं सर्वेक्षण चुकू शकतं.

आधी शब्द उघडून बघू. दुष्काळ म्हणजे दुस् अधिक काळ, वाईट काळ. त्याची जोडी सुकाळ. या दोन्ही शब्दांत पाणी कुठेच नाही. पाऊस नाही, कोरडेपणा नाही. गावाकडची जुनी माणसं तर 'दुकाळ' म्हणतात, त्यातही काळच आहे. आता इंग्रजीतला 'ड्राउट' बघा. त्याचं मूळ 'ड्राय' या शब्दाच्याच घराण्यातलं आहे, कोरडेपणा त्याच्या हाडातच आहे. त्यामुळे 'वेट ड्राउट' म्हटलं की इंग्रजी वाचणारा दचकतो, ते साहजिक आहे.

मग 'ड्राउट'ला मराठीत काय म्हणायचं? त्यासाठी शब्द आहे आणि सरकारनंच तो वर्षानुवर्षं वापरलाय : अवर्षण. अ-वर्षण, न बरसणं. 'अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम' हे नाव तुम्ही एमपीएससीच्या पुस्तकात पाठ केलं असेल. 'ओलं अवर्षण' असं कुणी म्हणालं तर तो खरंच गरम बर्फ होईल. पण मानवतच्या बाजारात कापूस घेऊन आलेला कुठलाही शेतकरी असं म्हणत नाही. तो 'ओला दुष्काळ' म्हणतो, कारण त्याला न बरसण्याबद्दल बोलायचंच नाहीये.

मग त्याला कशाबद्दल बोलायचंय? इथे जरा थांबू, कारण खरा माल इथेच आहे.

शब्दाचा अर्थ शोधायचा तर तो कोणत्या शब्दांबरोबर बसतो ते बघायचं. 'गेल्या मंगळवारी आमच्याकडे ओला दुष्काळ पडला' असं वाक्य म्हणून बघा. विचित्र वाटतं ना? 'गेल्या मंगळवारी अतिवृष्टी झाली' हे मात्र ठीक वाटतं. आता 'यंदा ओला दुष्काळ आहे' म्हणून बघा, तेही ठीक. म्हणजे अतिवृष्टी ही घटना आहे, तिला दिवस असतो. दुष्काळाला साल असतं. बहात्तरचा दुष्काळ, असंच आपण म्हणतो. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण तर तुम्हाला तोंडपाठ आहे. त्या म्हणीत पावसाचा थेंबही नाही. अधिक महिना आला, वर्ष तेरा महिन्यांचं झालं, म्हणजे घरात नसलेलं धान्य आणखी एक महिना पुरवायचं, एवढाच तिचा अर्थ. दुष्काळ मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत, महिन्यांत मोजतात, हे त्या म्हणीला माहीत आहे. एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंत घर चालवायला जे लागतं ते बुडालं की दुष्काळ. ते पाण्याअभावी बुडालं तर कोरडा, पाण्यानं बुडालं तर ओला. विशेषण कारण सांगतं, नाम परिणाम सांगतं. एवढी स्वच्छ रचना आपल्या कित्येक पाठ्यपुस्तकांतल्या पारिभाषिक शब्दांना जमलेली नाही.

आता मॅन्युअलकडे येऊ. केंद्रीय कृषी मंत्रालयाचं दुष्काळ व्यवस्थापनाचं मॅन्युअल डिसेंबर २०१६ मध्ये सुधारून आलं. त्यात दुष्काळ ठरवण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं दिली आहे. आधी पावसाची तूट किंवा पावसातला खंड बघायचा. ती कळ दाबली गेली तरच पुढे जायचं. मग पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा आणि जलसाठे-भूजल हे प्रभावदर्शक निर्देशांक तपासायचे. त्यानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी करून 'मध्यम' की 'गंभीर' ते ठरवायचं. पद्धत म्हणून ती वाईट नाही. पूर्वी सगळं आणेवारीवर चालायचं, त्यापेक्षा हिच्यात मोजमाप जास्त आहे. (आणे १९५७ साली गेले, कागदावर 'पैसेवारी' आली, तरी लोक अजून आणेवारीच म्हणतात. असो.)

पण पहिलीच कळ पावसाच्या तुटीची आहे. त्यामुळे ज्या वर्षी पाऊस जास्त, ते वर्ष दारातच अडकतं, आत काय नासलंय ते बघायला कुणी जातच नाही. म्हणजे 'मॅन्युअलमध्ये ओला दुष्काळ नाही' हे विधान खरंच आहे. त्यातून सिद्ध एवढंच होतं की हे मॅन्युअल अवर्षणाचं आहे. मुखपृष्ठावर 'ड्राउट' होतं, आपण त्याचं 'दुष्काळ' असं भाषांतर केलं, आणि आता त्याच भाषांतराच्या आधारानं लोकांना सांगतोय की तुमचा शब्द पुस्तकात नाही. शब्द आधी त्यांचाच होता.

हीच गंमत संशोधनातही होते. प्रमाणित पर्जन्य निर्देशांक, म्हणजे एसपीआय, तुमच्यापैकी पर्यावरण, भूगोल किंवा कृषी विषयातल्यांना लागेलच. मॅकी आणि सहकाऱ्यांनी तो १९९३ साली मांडला. शून्य म्हणजे नेहमीसारखा पाऊस, उणे म्हणजे कोरडं, अधिक म्हणजे ओलं. एकच रेघ, दोन टोकं. समजा तुम्ही परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना विचारलं, 'गेल्या दहा वर्षांत तुमच्याकडे किती वेळा दुष्काळ पडला?' त्यांनी चार सांगितले. तुमच्या एसपीआयच्या तक्त्यात उणे बाजूला दोनच वर्षं निघाली. मग प्रबंधात एक ठरलेलं वाक्य येतं : शेतकऱ्यांचं आकलन आणि प्रत्यक्ष पर्जन्यमान यांत तफावत आढळते. पुढे कारणमीमांसा, स्मृतीतल्या चुका, नुकसानभरपाईची अपेक्षा, शिक्षणाचा अभाव. बिचारा शेतकरी! त्यानं दोन कोरडी आणि दोन ओली वर्षं अगदी नीट मोजून सांगितली होती. तुमची रेघ त्याच्या शब्दाचं एकच टोक धरून बसली होती. अशा तफावतीवर निष्कर्ष काढलेला दिसला की मी आधी परिशिष्टातली प्रश्नावली उघडतो, आणि मूळ मराठी प्रश्नात नेमका कोणता शब्द होता ते बघतो. बऱ्याचदा परिशिष्टात प्रश्नावली फक्त इंग्रजीतच असते, तिथेच सगळं संपतं.

शास्त्रज्ञांचंही या शब्दावर एकमत आहे असं समजू नका. १९८५ साली विल्हाइट आणि ग्लँट्झ यांनी दुष्काळाच्या व्याख्या गोळा केल्या, तेव्हा त्यांना दीडशेहून जास्त सापडल्या. त्यांनी त्यांचे चार गट केले : हवामानशास्त्रीय, कृषी, जलशास्त्रीय आणि सामाजिक-आर्थिक. आपल्या हवामान खात्यानं तर २०१६ मध्ये देशपातळीवरच्या पावसाचं वर्णन करताना 'ड्राउट' शब्दच सोडून दिला आणि 'तुटीचं वर्ष' असं म्हणायला सुरुवात केली. मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो. आम्ही पाऊस मोजतो, तो कमी पडला एवढं सांगू. दुष्काळ आहे की नाही ते आमच्या पर्जन्यमापकावरून ठरत नाही.

आता पैशाचा भाग, कारण शब्दासाठी लोक उगाच रस्त्यावर येत नाहीत. जास्त पावसानं झालेल्या नुकसानीसाठी सरकारकडे सोय नाही असं नाही. पूर आणि ढगफुटी या आपत्ती केंद्राच्या यादीत आहेत. राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मग पंचनामा होतो, आणि ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान असेल तर हेक्टरी ठरलेल्या दरानं मदत मिळते. ही घटनेची भरपाई झाली. दुष्काळ जाहीर झाला की मात्र वेगळं गाठोडं उघडतं : जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, थकबाकीसाठी पंपाची जोडणी न तोडणं, रोजगार हमीचे निकष सैल करणं, लागेल तिथे टँकर, आणि शाळा-कॉलेजातल्या विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ.

हे गाठोडं नीट बघा. टँकर सोडला तर त्यातल्या जवळपास कशाचाच पाऊस कमी पडण्याशी थेट संबंध नाही. ही सगळी वर्ष काढायची साधनं आहेत. ज्याचं सोयाबीन उभ्या शेंगांत कोंब फुटून गेलं, ज्याच्या कपाशीची बोंडं सडली, ज्याची जमीनच खरडून गेली, त्याला हेक्टरी मदत एकदाच मिळते. पण बँकेचा हप्ता मार्चमध्ये येतो आणि पोराची परीक्षा फी त्याच्याही आधी. म्हणून तो 'अतिवृष्टी' या सरकारी शब्दावर समाधानी नाही. त्याला काळ मोजणारा शब्द हवाय. २०२५ मध्ये सरकारनं शेवटी दुष्काळाच्या सवलती लागू करतो असंच म्हटलं. म्हणजे लोकांच्या शब्दाचा अर्थ मान्य केला आणि शब्द तेवढा नाकारला. शब्द नाकारला की पुढच्या वर्षी पुन्हा मागणी, पुन्हा मोर्चे, पुन्हा 'विशेष बाब'. नियमात बसलेला शब्द आपोआप काम करतो, नियमाबाहेरच्या शब्दाला दरवेळी कुणाच्या तरी मेहेरबानीची वाट बघावी लागते. माझी तक्रार एवढीच आहे.

महाराष्ट्राचा या बाबतीतला इतिहासही मजेशीर आहे. १९६३ साली विधिमंडळानं एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या सगळ्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञा काढून टाकायची आणि तिथे 'स्कार्सिटी', म्हणजे टंचाई, घालायची, एवढंच त्याचं काम. कारण असं दिलं की शेतीच्या परिस्थितीवर सरकारचं सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत पोचते, तेव्हा 'फॅमिन'ची वेळ येणारच नाही. नऊ वर्षांनी बहात्तर आलं. लाखो माणसं खडी फोडायला आणि बांध घालायला गेली, सुकडी खाऊन दिवस काढले. कामं निघाली म्हणून मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले, हे श्रेय सरकारला द्यायलाच हवं. पण त्या सालाला आजतागायत कुणीही 'बहात्तरची टंचाई' म्हणालेलं मी ऐकलेलं नाही.

मग आला 'दुष्काळसदृश'. हा शब्द कोणी शोधला देव जाणे, पण बोलीत तो नाही. कुणाची म्हातारी आजी म्हणेल, 'बाई, यंदा लई दुष्काळसदृश आहे'? मे २०१६ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेल्यावर सरकारला मान्य करावं लागलं की आधीच्या आदेशांत जिथे दुष्काळसदृश लिहिलंय तिथे दुष्काळ असं वाचावं. २९ हजारांहून जास्त गावांचा प्रश्न होता तो. एका प्रत्ययावर एवढी गावं लटकलेली. तरी २०२३ मध्ये तो प्रत्यय परत आला : ४० तालुक्यांत दुष्काळ, आणि त्याशिवाय १,०२१ महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती'. त्या ४० मध्ये परभणी जिल्ह्यातला एकही तालुका नव्हता. शेजारच्या जालन्यातला मंठा होता. सीमेवरच्या दोन शेतांत आभाळ एकच, शब्द दोन.

'मॅन्युअलमध्ये नाही' याला सगळ्यात चांगलं उत्तर मात्र सरकारनंच त्याच वर्षी देऊन ठेवलंय. ६५ मिलिमीटरच्या नियमात एक भोक होतं. रोज थोडाथोडा पाऊस आठवडाभर पडत राहिला तर पीक तितकंच जातं, पण एकाही दिवशी ६५ भरत नाही. शेतकरी याला सतत सांगत होते, 'झड लागलीय, सततचा पाऊस आहे.' एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं 'सततचा पाऊस' हीच आपत्ती म्हणून स्वीकारली आणि तिला मोजमाप दिलं : मंडळात सलग पाच दिवस, रोज किमान १० मिलिमीटर, वर मागच्या दहा वर्षांच्या सरासरीशी तुलना आणि हिरवाईच्या निर्देशांकाची पडताळणी. म्हणजे बाजारातला, बांधावरचा शब्द घेतला, त्याची कार्यात्मक व्याख्या केली, आणि तो नियमात आला. संशोधन पद्धतीच्या पेपरात आपण 'ऑपरेशनल डेफिनिशन' म्हणून जे घोकतो, त्याचं याहून चांगलं मराठी उदाहरण माझ्या माहितीत नाही. ओल्या दुष्काळाचं असं का होऊ नये? हंगामभराच्या नुकसानीची टक्केवारी, खरडलेलं क्षेत्र, रब्बीची पेरणी किती होऊ शकली, यावरून व्याख्या करता येईल. सोपी नाही, पण अशक्यही नाही.

आता तुमच्यातले वनस्पतीशास्त्रवाले हात वर करून बसले असतील, ते बरोबर आहे. पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं कोमेजू शकतं. आमच्या काळ्या जमिनीतली चिकणमाती फुगते, छिद्रं पाण्यानं भरतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू सरकतो, त्यामुळे मुळं गुदमरतात. पेशीतली आम्लता वाढते आणि पाणी आत घेणारी दारं, अॅक्वापोरिन नावाची प्रथिनं, बंद होतात. हे २००३ साली 'नेचर'मध्ये अॅराबिडॉप्सिस या छोट्या झाडावर दाखवलं गेलं. कपाशीतला 'आकस्मिक मर' अनेकदा असाच दिसतो : मोठा खंड, मग जोराचा पाऊस, मग कडक ऊन, आणि कालपर्यंत टवटवीत असलेलं झाड माना टाकतं. शिंपर यांनी १८९८ मध्येच भौतिक आणि शरीरक्रियात्मक कोरडेपणा वेगळा केला होता. तेव्हा 'ओला दुष्काळ' मुळापाशी अक्षरशः घडतो, असं म्हणता येईल.

म्हणता येईल, पण मी यावर माझा मुद्दा उभा करणार नाही, तुम्हीही करू नका. भाषणात टाळ्या मिळतील, व्हायव्हात पकडले जाल. पानातला दुष्काळ आणि घरातला दुष्काळ या दोन वेगळ्या पातळ्या आहेत. ज्याची माती वाहून गेली त्याच्या शेतात कोमेजायला झाडच उरलेलं नाही, तरीही तो ओला दुष्काळच म्हणतो. लोकांचा शब्द शास्त्रीय ठरवायला त्यात अॅक्वापोरिन सापडावं लागत नाही.

आणि या शब्दाचं सगळंच कौतुक करावं असंही नाही. बातम्यांत तो हल्ली फार स्वस्त झालाय. दोन दिवस पाऊस लागला की पट्टीवर 'ओला दुष्काळ', शहरात नाला तुंबला तरी 'ओल्या दुष्काळाचं सावट'. मघाशी केलेली 'मंगळवार'ची चाचणी इथे लावा. ज्या नुकसानीतून त्याच हंगामात सावरता येतं ती दुष्काळात मोडत नाही, मग पाणी कितीही तुंबो. बोलीतल्या शब्दालाही सीमा असतात आणि त्या बोलणाऱ्यांना नेमक्या ठाऊक असतात. राजकीय भाषणं आणि मथळे त्या पुसतात.

मग तुमच्या प्रश्नावलीचं काय करायचं? 'दुष्काळ' शब्द काढून 'अवर्षण' घालू नका, उत्तरं नीटनेटकी येतील पण कुणी घरात वापरत नाही अशा शब्दाची येतील. दुष्काळच विचारा, फक्त तिथे थांबू नका. कोणतं साल? त्या साली पाऊस कमी होता की जास्त? कडबा विकत घ्यावा लागला का? पुढच्या पेरणीचं बियाणं कुठून आणलं? घरातलं कोणी ऊसतोडीला किंवा पुण्याकडे गेलं का? मग कोरडी आणि ओली वर्षं वेगवेगळ्या रकान्यांत मांडा, आणि त्यानंतरच एसपीआयशी तुलना करा. उणे बाजूची कोरड्यांशी, अधिक बाजूची ओल्यांशी. इंग्रजीतून मराठीत आणलेली प्रश्नावली असेल तर दुसऱ्या कुणाकडून ती परत इंग्रजीत करून घ्या. 'दुष्काळ' परत येताना कधी 'ड्राउट' होतो, कधी 'फॅमिन', ते दिसेल.

प्रबंध इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी 'वेट ड्राउट' लिहायचं टाळा. तो शब्द रोमन लिपीत जसाच्या तसा ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत अर्थ सांगा, आणि पुढे तोच वापरत राहा. बाहेरून आलेले परीक्षक भुवया उंचावून विचारतील, 'पाणी जास्त असताना ड्राउट कसा?' त्यांना सांगा की सर, ड्राउटला आमच्याकडे अवर्षण म्हणतात.